बिलावरच्या तारखा

वीजबिल हातात आलं की बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर जाते: या वेळी किती आलं? त्या आकड्याच्या आजूबाजूला छापलेल्या तारखा क्वचितच कोणी वाचतं. महावितरणचं बिल एकदा नीट बघा. अमुक तारखेपर्यंत भरलंत तर इतके कमी द्या, असं एका ओळीत असतं. दुसरीत अंतिम मुदत. आणि ती मुदत उलटली तर किती जास्त, ते तिसरीत. तोच महिना, तोच मीटर, तेवढीच युनिटं आणि किमती तीन. यांतली कोणती द्यायची हे विजेच्या वापरावर ठरत नाही, तुमचे पैसे कंपनीकडे कधी पोचले यावर ठरतं.

ऑनलाइन बिल भरण्याचे फायदे विचारले की रांग टळते, सुट्टे पैसे लागत नाहीत, रात्री बारालाही भरता येतं, ही उत्तरं लगेच येतात. ती बरोबरच आहेत आणि आता कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. माझ्या मते मोठा फायदा त्यांच्या पलीकडचा आहे. पैसे कोणत्या तारखेला भरले गेले हे आता ग्राहक ठरवतो, आणि भरल्याचा पुरावाही त्याच्याच खिशात राहतो. पूर्वी या दोन्ही गोष्टी खिडकीपलीकडच्या माणसाच्या हातात असत.

आधी रुपयांचा हिशेब उरकून घेऊ, कारण तो लहान आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकानं बिल तयार झाल्यापासून ७ दिवसांत पैसे भरले तर कर आणि वीज शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर १ टक्का सवलत मिळते. ऑनलाइन भरल्याबद्दल आणखी पाव टक्का, जास्तीत जास्त ५०० रुपयांपर्यंत. मुदत चुकवली तर सव्वा टक्का विलंब आकार. महिन्याचं बिल २,००० रुपये धरा. त्यातलं १६ टक्के वीज शुल्क बाजूला काढलं की सव्वासतराशे उरतात. लवकर भरण्याचे १७ रुपये, ऑनलाइनचे ४, आणि उशीर न केल्यानं वाचलेले २५. दर महिन्याला उशिरा भरणारा आणि दर महिन्याला वेळेआधी ऑनलाइन भरणारा, या दोन शेजाऱ्यांत वर्षाकाठी साडेपाचशेच्या आसपास फरक पडतो. एवढ्यानं कोणी श्रीमंत होत नाही. पण त्यांतल्या एकाला हे पैसे विनाकारण गेलेत याचा पत्ताही नसतो. (हे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलतात, तेव्हा ताजं बिल बघूनच आकडेमोड करावी.)

यात एक गंमत आहे. ७ दिवसांची मोजणी बिल तयार होण्याच्या तारखेपासून सुरू होते, बिल दारात पडण्याच्या तारखेपासून नाही. छापील बिल छापखान्यातून वाटप करणाऱ्या एजन्सीकडे, तिथून वाटणाऱ्या मुलाकडे आणि मग जिन्याखालच्या पेटीत पोचेपर्यंत त्यातले बरेच दिवस उडून जातात. म्हणजे सवलत कागदावर सगळ्यांना आहे, पण कागदाची वाट बघणाऱ्याला ती बहुधा गाठता येत नाही. ईमेल आणि एसएमएसवर तेच बिल तयार झाल्याबरोबर येतं. छापील बिल नको असा ‘गो-ग्रीन’ पर्याय निवडणाऱ्याला प्रत्येक बिलामागे १० रुपये सुटतात, आणि अलीकडे नव्यानं नोंदणी करणाऱ्याला वर्षाचे १२० रुपये पहिल्याच बिलात एकरकमी देण्याची पद्धत सुरू झाली आहे. मला यातले दहा रुपये महत्त्वाचे वाटत नाहीत. हातात आलेले ते चार-पाच दिवस महत्त्वाचे वाटतात.

आता पैसे ‘भरले’ म्हणजे नेमकं कधी भरले? रोखीचं सोपं आहे, शिक्का पडला त्या दिवशी. पण चेक भरणारी मंडळी वर्षानुवर्षं एका गोड गैरसमजात होती. ड्रॉप बॉक्समध्ये चेक टाकला की आपलं काम झालं, असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात चेक वटून रक्कम कंपनीच्या खात्यात जमा होते, ती तारीख धरली जाते. अंतिम मुदतीच्या दिवशी टाकलेला चेक म्हणजे उशिरा भरलेलं बिल, आणि पुढच्या महिन्यात आलेला विलंब आकार बघून ‘आम्ही तर वेळेत भरलं होतं’ हा वाद. चेक वटला नाही तर महावितरण ७५० रुपये आणि त्यावर जीएसटी असे ८८५ रुपये पुढच्या बिलात लावतं. सही जुळली नाही, तारखेत खाडाखोड झाली, अशा फुटकळ कारणांनीही चेक परत येतो. यूपीआय किंवा नेटबँकिंगनं भरलेल्या बिलात हा मधला अंधार सहसा नसतो. व्यवहार झाला त्या मिनिटाची वेळ पावतीवर असते.

तारखेला इतकं महत्त्व का, याचं उत्तर वीज कायद्यात सापडतं. २००३ च्या या कायद्यातलं कलम ५६ सांगतं की थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा असेल तर किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. याच कलमात पुढे असंही म्हटलंय की एखादी रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, मधल्या काळात ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली असेल तर गोष्ट वेगळी. ‘तुमची २०१९ ची बाकी निघते’ असं एखाद्या दिवशी कळवलं गेलं, तर ग्राहकाला दोन गोष्टी लागतात: तेव्हाची बिलं आणि तेव्हाच्या पावत्या. फाईलमध्ये लावलेली थर्मल कागदावरची पावती पाच वर्षांत कोरी होते. बँकेच्या खात्यातली नोंद तशी पुसली जात नाही.

रांगेबद्दल थोडं बोललं पाहिजे, पण तिला नावं ठेवण्यासाठी नव्हे. महाराष्ट्रात वीजबिल भरणा केंद्रांचं जाळं मोठं आहे, आणि त्यातली कितीतरी केंद्रं गावोगावच्या पतसंस्था चालवतात. तिथल्या बाईंना कोणाचा मीटर कोणाच्या नावावर आहे हे तोंडपाठ असतं. ज्यांना फोनवर पैसे भरायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी ही केंद्रं हवीतच. पण रोखीवर आता मर्यादा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून लघुदाब ग्राहकाला महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोखीनं भरता येतात, शेतीपंपाला १०,००० पर्यंत. उन्हाळ्यात दोन एसी चालवणाऱ्या घराचं बिल ही रेघ सहज ओलांडतं. १०,००० च्या वरच्या बिलावर आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खास खाते क्रमांकही छापलेला असतो. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून रविवारी, सुट्टीच्या दिवशी, चोवीस तास चालतं, त्यामुळे ‘शनिवारी मुदत आणि बँक बंद’ ही तक्रार इतिहासजमा झाली.

इथपर्यंत सगळं विजेबद्दल झालं, कारण वीज सर्वांत जास्त घरांत आहे. पण घरात बिलं किती प्रकारची! मुंबईत तर वीजच शहर विभागात बेस्टची, उपनगरात अदानी किंवा टाटाची, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणची. त्यावर पाइप गॅस, महापालिकेची घरपट्टी आणि पाणीपट्टी, फोन, डिश, सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचा हप्ता. गोव्यात वीज खातं सरकारचंच आहे. सुरुवातीची ऑनलाइन सोय म्हणजे या प्रत्येकाची वेगळी वेबसाइट, वेगळा पासवर्ड आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. तुमची बँक ज्या कंपनीशी करार करून बसलेली नाही, तिचं बिल बँकेत दिसायचं नाही.

या गुंत्यावर युरोपानं एक उत्तर फार पूर्वी शोधलं होतं. १८८३ च्या सुमारास व्हिएन्नात टपाल बचत बँकेनं अशी व्यवस्था सुरू केली की खातेदारानं टपाल कार्यालयात एक पत्रक भरून द्यायचं आणि रक्कम परस्पर समोरच्याच्या खात्यात वळती व्हायची. या पद्धतीला जिरो म्हणतात. पुढे स्वित्झर्लंड आणि जर्मनीनं ती उचलली, आणि तिथली घरं विसाव्या शतकभर जवळच्या टपाल कचेरीत गॅस-वीज-भाडं भरत राहिली. (व्हिएन्नातल्या त्या बँकेची ओटो वाग्नरनं बांधलेली इमारत आज वास्तुकलेचे विद्यार्थी मुद्दाम बघायला जातात. बिलं भरण्याच्या व्यवस्थेला इतकं देखणं घर क्वचितच मिळालं असेल.)

भारतात रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सुमारास या जिरोचाच विचार सुरू केला. जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं शक्यता तपासली आणि मग मुंबई आयआयटीचे प्राध्यापक उमेश बेल्लूर यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं रचनेचा आराखडा मांडला. २८ नोव्हेंबर २०१४ ला मार्गदर्शक तत्त्वं निघाली, ऑगस्ट २०१६ मध्ये प्रायोगिक सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१७ पासून ‘भारत बिल पेमेंट सिस्टम’ रीतसर चालू झाली. सुरुवातीला वीज, पाणी, गॅस, टेलिफोन आणि डीटीएच एवढ्यालाच परवानगी होती. २०१९ मध्ये जवळपास सगळ्या नियमित बिलांना दार उघडलं. अलीकडे या व्यवस्थेचं नाव ‘भारत कनेक्ट’ झालंय.

हिचं काम रेल्वेच्या मोठ्या जंक्शनसारखं चालतं. एका बाजूला तुमचं अ‍ॅप किंवा बँक, दुसऱ्या बाजूला बिल देणाऱ्या कंपन्यांना जोडून घेतलेल्या संस्था, आणि मधे मुंबईच्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या उपकंपनीचं केंद्र. तुम्ही महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकता. अ‍ॅप तो केंद्राकडे पाठवतं, केंद्र महावितरणच्या बाजूच्या संस्थेकडे, तिथून बिलाची रक्कम, मुदत आणि ग्राहकाचं नाव त्याच वाटेनं परत येतं. हे सगळं एक-दोन सेकंदांत. मग तुम्ही पिन टाकता आणि पैसे निघतात. पैसे जाण्याआधी नाव दिसतं, ही बाब साधी वाटते पण मोलाची आहे. खिडकीवर क्रमांकातला एक आकडा चुकला तर भलत्याच घरचं बिल भरलं जायचं आणि महिन्यानं कळायचं. दुसरं म्हणजे तक्रार. बिल कोणत्याही अ‍ॅपवरून भरलेलं असो, त्या व्यवहाराच्या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बँक म्हणते कंपनीला विचारा आणि कंपनी म्हणते बँकेला विचारा, ही टोलवाटोलवी पूर्ण थांबली नसली तरी तिला आता एक पत्ता आहे.

नाव दिसतं म्हटलं खरं, पण कोणाचं? आपल्याकडे हजारो घरांच्या वीजबिलावर अजून आजोबांचं नाव आहे. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, घराच्या वाटण्या झाल्या, मीटर मात्र त्यांच्याच नावे फिरतो. बिल भरायला ग्राहक असावं लागत नाही, ग्राहक क्रमांक असला की पुरतं. म्हणूनच तासगावजवळच्या घराचं बिल हिंजवडीतला मुलगा कंपनीच्या बसमध्ये बसून भरतो, आणि वडिलांना तालुक्याच्या गावी जायला लागत नाही. एक सावध सूचना इथेच द्यायला हवी: दहा वर्षं बिल भरलं म्हणून घर नावावर होत नाही. वीजबिल राहण्याचा पुरावा म्हणून चालतं, मालकीचा म्हणून नाही. भावाभावांत याच समजुतीवरून भांडणं झालेली आहेत.

हीच सोय आता समुद्रापलीकडेही पोचली आहे. परदेशातल्या भारतीयांना आईवडिलांची इथली बिलं थेट भरता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये या व्यवस्थेला परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी परवानगी दिली. २०२३ च्या जानेवारीत अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिराती, ऑस्ट्रेलिया यांच्यासह दहा देशांतल्या मोबाइल क्रमांकांवरून अनिवासी खात्याला यूपीआय जोडण्याची मुभा जाहीर झाली. दुबईतल्या लेकीनं चिपळूणच्या घराची घरपट्टी भरणं हे आता तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते आईला पटवणं, की पावती कागदावर आली नाही तरी पैसे पोचले आहेत.

सोसायटीच्या खजिनदाराला विचाराल तर तो याहून वेगळाच फायदा सांगेल. ऐंशी फ्लॅटचे चेक गोळा करा, स्लिपा भरा, बँकेत जा, कोणाचा चेक कोणत्या महिन्याचा ते वहीत लिहा, आणि तरीही वार्षिक सभेत ‘माझे दोन महिने जमा दाखवले नाहीत’ हे ऐका. फ्लॅट क्रमांकासकट आलेली रक्कम आपोआप खतावली की हा बिनपगारी माणूस सभेला जरा हसतमुखानं येतो.

अडतं कुठे, तेही बघू. सर्वांत जास्त घाबरवणारा प्रसंग म्हणजे खात्यातून पैसे गेले आणि बिल मात्र ‘न भरलेलं’ दिसतंय. अशा वेळी लोक घाईनं पुन्हा भरतात. जरा थांबावं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयनं व्यापाऱ्याला किंवा कंपनीला दिलेले पैसे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळाली पाहिजे, तीही अर्ज न करता. पण हे पाच दिवस तुमच्याकडे असायला हवेत ना! मुदतीच्या रात्री पावणेबाराला भरायला बसणाऱ्याकडे ते नसतात. शिवाय काही कंपन्यांच्या हिशेबात रक्कम चढायलाच एक-दोन दिवस लागतात. बिल चुकून दोनदा भरलं गेलंच तर जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वजा होते, बुडत नाही. शुल्काचंही एक बघून घ्यावं. महावितरणच्या स्वतःच्या अ‍ॅपवर क्रेडिट कार्ड सोडून बाकीचे मार्ग विनाशुल्क आहेत, पण काही खासगी अ‍ॅप प्लॅटफॉर्म फीच्या नावाखाली दोन-चार रुपये काढून घेतात. सवलतीचे चार मिळवायचे आणि तिथे तीन घालवायचे, असला व्यवहार काय कामाचा?

ऑटोपेबद्दल माझं मत थोडं जुनाट वाटेल. बँकेला एकदा सांगून ठेवलं की दर महिन्याला रक्कम आपोआप जाते. १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानं पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, आणि ठरावीक मर्यादेच्या वर वेगळी संमती लागते. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. फोन, इंटरनेट, विमा अशा ठरलेल्या रकमांना हे उत्तम. मीटरवर चालणाऱ्या बिलाला मी ते लावणार नाही. घर बंद होतं, रीडिंग मिळालं नाही, मीटर नादुरुस्त दाखवला, अशा कारणांनी सरासरीचं बिल येतं. कधी रीडिंग घेणारा एक शून्य जास्त टाकतो. कागदी बिल बंद केलेलं, पैसे आपोआप जाणारे, म्हणजे त्या बिलाकडे घरातलं कोणीच बघत नाही. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि मीटरची स्थिती, एवढ्या तीन नोंदी बघायला अर्धं मिनिट पुरतं. महावितरणच्या अ‍ॅपवर मीटरचा फोटो काढून स्वतःचं रीडिंग पाठवण्याची सोयही आहे, ती फार कमी लोक वापरतात.

आणि भामटे. ‘मागील महिन्याचं बिल अपडेट नसल्यानं आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क करा’ हा मेसेज २०२२ मध्ये महाराष्ट्रात घरोघर फिरला. फोन केला की पलीकडचा ‘अधिकारी’ एक अ‍ॅप टाकायला लावायचा, १० रुपये भरून खात्री करून घ्या म्हणायचा, आणि त्या अ‍ॅपमधून तुमचा स्क्रीन बघत खातं रिकामं करायचा. ज्याला १५ दिवसांच्या लेखी नोटिशीचा नियम ठाऊक आहे तो या जाळ्यात सापडत नाही, कारण ‘आज रात्री’ हा शब्दच खोटा आहे. महावितरणचे मेसेज कंपनीच्या नावाच्या शीर्षकानं येतात, कोणाच्या दहा अंकी मोबाइलवरून नाही. पिन फक्त पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच नाही. ग्राहक सेवेचा क्रमांक गुगलवर शोधू नये, बिलावर छापलेला घ्यावा. कोणी फसलंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेला त्याच तासाला कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमानुसार, चूक ना बँकेची ना तुमची अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही. पिन तुम्हीच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी मार्च २०२२ पासून यूपीआयचं ‘१२३पे’ आहे, साध्या फोनवरून. त्याहून जास्त चालतो तो कोपऱ्यावरचा दुकानदार. महावितरणनं किराणावाले, मेडिकलवाले, बचत गट यांना पॉवर वॉलेट देऊन गल्लीतच बिल घेण्याची सोय केली, आणि त्यांना बिलामागे मोबदलाही मिळतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं ते रोखीचंच, पण नोंद त्याच क्षणी होते आणि एसएमएस येतो. तो एसएमएस येईपर्यंत दुकानातून हलू नये.

शेवटी बिल चुकीचं आलंय आणि वाद मिटलेला नाही, अशा ग्राहकाबद्दल. बहुतेक जण रागानं भरायचंच बंद करतात आणि मग थकबाकीदार ठरतात. कलम ५६ मध्येच त्यासाठी वाट ठेवली आहे. मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. अडचण एवढीच की बरीच अ‍ॅपं बिलावरची पूर्ण रक्कमच स्वीकारतात, कमी भरू देत नाहीत. तेव्हा आधी उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्यायची, तिच्या प्रतीवर पोच घ्यायची, मागच्या सहा बिलांची सरासरी काढून तेवढ्या रकमेची दुरुस्ती करून मागायची आणि मग भरायचं. ती सहा बिलं आणि त्यांच्या सहा पावत्या फोनमध्ये असतील तर हे काम एका सकाळीत होतं.